गच्चीवर शिजलेलं वरण

आमच्या घरी पाहुण्याला पाणी अर्धा पेलाच मिळायचं. जास्त हवं असेल तर मागायचं, आणि मागितलं तर मिळायचंही. पण मागताना आप्पा ज्या नजरेने बघत, त्या नजरेने निम्म्या लोकांची तहान तिथल्या तिथे भागत असे. आप्पा म्हणजे माझे वडील. ते दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ त्याची प्रात्यक्षिकं घरी करायचे. भाजी धुतलेलं पाणी अळूला, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, अंघोळीचं पाणी मागच्या केळीला, अशी वाटणी ठरलेली होती आणि ती चुकली तर ते अस्वस्थ होत. न्हाणीघराच्या दारावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात एक कागद डकवलेला होता: ‘अंघोळ अर्ध्या बादलीत होते. न झाल्यास दोष अंगाचा आहे, बादलीचा नाही.’ पहिल्यांदा आलेले पाहुणे तो वाचून हसत बाहेर येत आणि दुसऱ्यांदा येताना घरूनच अंघोळ करून येत.

कर्वेनगर तेव्हा अजून शहरात मोजलं जात नव्हतं. आमची आठ बिऱ्हाडांची सोसायटी, बहुतेक सगळे मास्तर आणि कारकून, आणि मागच्या भिंतीपलीकडे लगेच ज्वारी. सगळ्यांचीच राहणी बेताची होती, पण बाकीचे नाइलाजाने काटकसर करत आणि आप्पा तत्त्वाने करत, हा फरक त्यांनी आम्हाला लहानपणीच समजावून सांगितला होता. धोतर विरलं की त्याचे पंचे, पंच्यांची फडकी, फडक्यांची पायपुसणी. लिंबाची सालं भांड्यांना, चहाचा चोथा गुलाबाला, नारळाची शेंडी घासणीला. आलेली पाकिटं उलटी करून, खळ लावून पुन्हा वापरायची. एकदा बडोद्याच्या काकांना त्यांचंच पाकीट उलटं होऊन परत गेलं. त्यांनी ते पुन्हा सुलटं करून आम्हाला पाठवलं, आणि आप्पांना त्यातला टोमणा कळलाच नाही. आपला भाऊ सुधारला म्हणून त्यांनी ते पत्र चार लोकांना दाखवलं.

आता हे सगळं विकत मिळतं. माझी सून अदिती खराडीला आयटीत आहे. गेल्या महिन्यात तिने नव्या फ्लॅटमध्ये मित्रमंडळींना जेवायला बोलावलं आणि आदल्या दिवशी मला फोन केला. “अहो आई, या वेळी पूर्ण झीरो-वेस्ट करतेय. सगळ्यांना मेसेज टाकलाय, आपापली प्लेट नि बोल कॅरी करा. कूल आहे ना?” मी म्हटलं, छान आहे. दुसऱ्या दिवशी बारा जण बारा गाड्यांतून आले. प्रत्येकाने ताट आणलं होतं, आणि त्यातली निम्मी ताटं या जेवणासाठी नवीन मागवलेली होती, खोक्यात, थर्माकोलच्या तुकड्यांसकट. मी काही बोलले नाही, कारण मुलगी मनापासून करते आणि मनापासून करणाऱ्याची चेष्टा झालेली मी एकदा पाहिली आहे. फक्त एवढं सांगितलं, की तुझ्या आजेसासऱ्यांच्या निमंत्रणातही हेच वाक्य असायचं: ‘येताना ताट, वाटी, पेला आणावा.’ खाली एक ओळ जास्त असायची: ‘जाताना स्वतःचाच न्यावा.’

तर आमच्याकडे पाहुणे ताट-वाटी काखोटीला मारून यायचे. आल्यावर आप्पा पंखा बंद करत, कारण खिडकीतून वारा येतोच. अंधार पडला की दिवा मालवत, कारण बोलायला उजेड कशाला लागतो. काळोखात बसून लोक गव्हाच्या भावावर बोलत आणि शेजारी नक्की कोण बसलंय याचा अंदाज घेत. या सवयी अतिशय सोप्या आहेत, असं आप्पा प्रत्येकाला सांगत. त्यांच्यापुरतं ते खरं होतं. सवयी त्यांच्या होत्या आणि कामं आईची. बारा घरची बारा प्रकारची ताटं चिंचेने घासायची, कुणाचं कुठलं ते लक्षात ठेवायचं, उलट्या पाकिटांना खळ शिजवायची, केळीला बादल्या न्यायच्या, हे सगळं ती करी. आप्पांना त्यात काही खटकत नसे, कारण विज्ञानाच्या पुस्तकात भांडी घासण्यावर धडा नव्हता. आईही कधी कुरकुरली नाही. तिला आप्पांचं कौतुक होतं. आपला नवरा वेडा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तो चांगल्या बाजूने वेडा आहे, असं ती काळेकाकूंना सांगत असे. काळेकाकू आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांमागे एकच लांब सज्जा होता, मधे कमरेएवढा कठडा. त्या कठड्यावरून विरजण, कोथिंबीर, बातम्या आणि सासरची गाऱ्हाणी रोज इकडून तिकडे जात.

मी नववीत गेले त्या वर्षी घरात सूर्यचूल आली. सगळं गाव तिला सोलर कुकर म्हणे, पण आप्पा सूर्यचूल म्हणत आणि आम्हालाही म्हणायला लावत. बाहेरून ट्रंकेसारखी पत्र्याची पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, आणि झाकणाला आतल्या बाजूने आरसा. झाकण उभं केलं की आरशावरचं ऊन काचेवर पडायचं. आत बसणारे चार काळे गोल डबे, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाचा उत्साह बघून जास्तीचा दिलेला पाचवा. गॅसच्या सिलिंडरला तेव्हा नंबर लावून महिना महिना वाट बघावी लागायची, त्यामुळे आईलाही पहिले दोन दिवस आनंद झाला होता. आप्पा सकाळी साडेआठला पेटी घेऊन गच्चीवर जात. जिन्यात त्यांच्या चपलांचा आणि डब्यांचा एकत्र आवाज येई. मग दर अर्ध्या तासाने हाक यायची, “मंदा, आरसा.” ऊन सरकलं की पेटी फिरवायची, हे माझं काम. भूमितीची वही घेऊन मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची आणि आसपासच्या गच्च्यांवरच्या बायका कुरडया घालता घालता मला विचारायच्या, “काय गं, आला का भात उकळीला?” वर्गात मला सूर्यकन्या म्हणू लागले होते. मला आप्पांची लाज वाटायची आणि लाज वाटल्याची त्याहून जास्त लाज वाटायची.

यंत्रात काही दोष नव्हता, हे आता मला कळतं. तीन-साडेतीन तास गुमान बंद ठेवलं असतं तर त्यात दगडही मऊ झाला असता. पण गुमान बंद ठेवणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं. कुणी कपडे वाळत घालायला आलं, की आप्पा पेटीकडे जात. “या, या. बघा आत.” काच उघडायची, डब्याचं झाकण उचलायचं, भसकन वाफ बाहेर. “बघितलीत वाफ? काडी नाही, काडेपेटी नाही.” कपडे वाळत घालणारी बाई बरं बरं म्हणे. आठ बिऱ्हाडं, प्रत्येकाची दोरी गच्चीवर, आणि सकाळची वेळ. म्हणजे पेटी निदान आठ वेळा उघडे. ज्या वाफेवर डाळ शिजायची ती वाफ आप्पा लोकांना दाखवण्यात संपवत. उष्णतेचं वहन हा धडा ते शाळेत इतका सुंदर शिकवत, की निरीक्षकांनी एकदा वहीत तसा शेरा लिहिला होता.

भात व्हायचा, बटाटेही व्हायचे. वरण व्हायचं नाही. पहिल्या दिवशी आप्पांनी साडेअकराला डबे खाली आणले, ओट्यावर ओळीने मांडले आणि वरणाचं झाकण उघडलं. वर हळदीचं पाणी होतं आणि तळाशी डाळ, एकेक दाणा ओळखू येईल अशी. आप्पा स्टुलावर बसले आणि डब्यात बघत राहिले. त्यांनी त्या पेटीबद्दल महिनाभर गावाला सांगितलं होतं. आई म्हणाली, “अहो, पहिलाच दिवस. उद्या होईल.” दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आप्पा डबे ओट्यावर ठेवून झाकण न उघडताच अंघोळीला गेले. आईने डबा उघडून बघितला, आणि मला म्हणाली, “मला त्यांचा तो चेहरा पुन्हा बघवणार नाही.” मग ती सज्ज्यात गेली.

अर्ध्या बादलीची अंघोळ सात मिनिटांत होते. तेवढ्या वेळात घरच्या कुकरला वरण शिजवायचं म्हटलं तर शिट्टी वाजली असती आणि न्हाणीघरातून विचारणा झाली असती. म्हणून आईने आमचा डबा कठड्यावरून काळेकाकूंच्या हातात दिला, आणि काकूंनी त्यांच्याकडचं तयार साधं वरण पाचव्या डब्यात भरून दिलं. आप्पा बाहेर आले, पानावर बसले, भातावर वरण घेतलं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “उन्हाची चव,” ते म्हणाले. “गॅसवर ही येत नाही.” आईने मान डोलावली. मीही डोलावली. त्या दिवसापासून आम्ही रोज काळ्यांचं वरण जेवू लागलो, आणि आमची अर्धकच्ची डाळ काकू त्यांच्या कुकरला लावून संध्याकाळी वाढू लागल्या. काळेकाका म्हणत, की हल्ली आमच्या घरचं वरण बिघडलंय.

हे दोन वर्षं चाललं. अदितीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो आई, हे तर टोटल गॅसलायटिंग झालं.” तो शब्द, म्हणजे माणसाला भ्रमात ठेवणं, मला तिने समजावून सांगितला, पण मला तो पटला नाही. माणसाला फसवताना त्याचं भलं व्हावं एवढंच मनात असलं, तर त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. आम्ही मात्र तेव्हा त्याला वरण बदलणं म्हणायचो. इतक्या सहजपणे ते चाले, की काकू दोन दिवस माहेरी जायच्या तेव्हा आई आप्पांना आधीच सांगून टाकी, “उद्या ढग येणार असं वाटतं, चूल राहू दे.” आप्पा आकाशाकडे बघून म्हणत, “तुला हवामानातलं बरंच कळायला लागलंय.”

सोसायटीचे सेक्रेटरी होते दामले. सरकारी नोकरीतून निवृत्त, आणि निवृत्त झाल्यापासून सरकार आपणच चालवतो अशा थाटात वावरणारे. गच्ची सगळ्यांची आहे आणि एक पेटी तिथे रोज तीन तास जागा अडवते, हे त्यांना खुपत होतं. त्यांनी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लिहिली: ‘गच्ची वाळवणासाठी आहे. प्रयोगशाळेसाठी शाळेत जावे. – सेक्रेटरी.’ आप्पांनी खाली लिहिलं: ‘वाळवणही सूर्यच करतो. – एक सभासद.’ आठवडाभर खडू चालला. शेवटी सोसायटीच्या सभेत दामले म्हणाले, “मास्तर, दोन वर्षं तुमच्या वरणाचं ऐकतोय. खाल्लंय कोणी?”

काळेकाकूंना ठसका लागला, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. आप्पा उठून उभे राहिले. “येत्या रविवारी बारा वाजता गच्चीवर जेवायला या. घरटी एक माणूस. तुमच्या सगळ्यांसमोर पेटी उघडतो. वरण शिजलेलं नसलं तर चूल त्याच दिवशी खाली येईल, आणि पुन्हा मी तिचं नाव काढणार नाही.”

“येतो की,” दामले म्हणाले. “जेवून यायचं का न जेवता?”

घरी आल्यावर आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आप्पा मात्र खुशीत होते. त्यांनी बेत ठरवला. विस्तवाचा पदार्थ एकही नाही. चुलीत दोन डबे भात, एक वरण, एक बटाटे, त्या बटाट्यांचं दह्यातलं भरीत. बरोबर काकडीची कोशिंबीर, दहीपोहे आणि श्रीखंड, कारण चक्का टांगायला जाळ लागत नाही. पोळी नाही. पाहुण्यांना पोळीशिवाय कसं जेवायला घालायचं, असं आईने एकदाच विचारलं. “कमी जेवल्याने ऊन बाधत नाही,” आप्पा म्हणाले. आणि मग त्यांनी एक अट सांगितली. “एक लक्षात ठेवा. रविवारी पेटी मी सकाळपासून एकदाही उघडणार नाही. आधी उघडली तर दामले म्हणेल, काहीतरी केलं. लोकांसमोर, पहिल्यांदाच, तिथेच उघडायची.”

म्हणजे डबे खाली येणार नाहीत, अंघोळीची सात मिनिटं नाहीत, कठडा नाही. त्या संध्याकाळी आई आणि काळेकाकू सज्ज्यात बराच वेळ बोलत होत्या. आप्पांची शाळेत, सोसायटीत, नातेवाइकांत जी काही किंमत होती ती एकाच गोष्टीमुळे होती: हा माणूस विचित्र आहे, पण खोटं बोलत नाही. रविवारी त्यांच्या हातून कच्ची डाळ निघाली असती तर दोन वर्षांची प्रत्येक वाफ खोटी ठरली असती. शेवटी ठरलं ते असं. बाराच्या सुमारास आप्पा पाहुण्यांना आणायला खाली जातील. गच्चीवर मी एकटीच असेन. वाळलेले कपडे आणायच्या निमित्ताने टोपली घेऊन जायचं, टोपलीत काकूंच्या वरणाचा पाचवा डबा. आमचा डबा काढायचा, तो ठेवायचा.

रविवारी ऊन चांगलं होतं. नऊ वाजता आप्पांनी पेटी लावली आणि खरोखरच हात मागे बांधून उभे राहिले. कपडे वाळत घालायला बायका आल्या, तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. दोनदा ते पेटीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा जाऊन त्यांनी काचेवर फक्त तळहात ठेवला आणि तो खिशात घातला. मी दर अर्ध्या तासाने पेटी फिरवत होते, आणि शेवटच्या खेपेला वर येताना कपड्यांची टोपली बरोबर आणली होती. बाराला पाच कमी असताना आप्पांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, “मंदा, मी लोकांना घेऊन येतो. हात लावू देऊ नकोस कुणाला.”

जिन्यातला आवाज खाली विरला आणि मी काच उघडली. वाफेने माझं तोंड भिजलं. वरणाचा डबा फडक्याने उचलला तरी बोटाला चटका बसला, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मला वाटलं, आज ऊन कडक आहे. त्यापुढचा विचार त्या घाईत सुचला नाही. डबा बदलला, काच लावली, आमचा डबा टोपलीत आप्पांच्याच सदऱ्याखाली दडवून धावत खाली गेले, ओट्यावर ठेवला आणि धापा टाकत परत वर आले, तोवर पहिल्या मजल्यावर दामल्यांचा आवाज ऐकू येत होता.

सात माणसं आली, प्रत्येकाच्या हातात ताट-वाटी. दामल्यांनी घडीची खुर्चीही आणली होती. मागून आई आणि काळेकाकू आल्या, काकू जरा जास्तच हसऱ्या. आप्पांनी छोटं भाषण केलं. ते छोटं होतं, कारण दामले मधेच म्हणाले, “मास्तर, सूर्य उतरायला लागला.” मग आप्पांनी काच उघडली. पहिला डबा, भात, मोकळा आणि पांढराशुभ्र. कुणीतरी वा म्हणालं. दुसरा डबा, भात. तिसऱ्यात बटाटे, बोटाने दाबला तर साल सुटेल असे. दामले खुर्चीत सरळ होऊन बसले. आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्यांच्या तोंडावर नंतर कधी पाहिला नाही. त्यांनी चौथ्या डब्याचं झाकण उचललं आणि गच्चीभर हिंगाचा वास पसरला.

वरणावर फोडणी होती. तेलाचा पिवळा तवंग, त्यावर तडतडलेली मोहरी, कढीपत्त्याची चार पानं आणि मधोमध एक लाल मिरची. दोन वर्षं काकूंनी आम्हाला मुकाट्याने साधं वरण दिलं होतं. पण आज सात घरचे पाहुणे जेवणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. “पाहुण्यांना बिनफोडणीचं कसं घालायचं गं,” असं त्या नंतर रडत आईला सांगत होत्या. मला त्यांचा राग येत नाही. पुण्यात पाहुण्याला पाणी अर्धा पेला दिलेलं चालतं, पण फोडणी घालायची राहिली तर बाई आठ दिवस तेच बोलते.

दामले खुर्चीतून उठले, डब्यापर्यंत आले, वाकून वास घेतला.

“मास्तर,” ते म्हणाले, “सूर्य मोहरीही तडतडवतो हे माहीत नव्हतं. कढीपत्ता त्यानेच खुडला का?”

आता सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी आधी डब्याकडे बघितलं. मग काळेकाकूंकडे; काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. मग आईकडे. तिच्याकडे बघून त्यांना बहुतेक सगळं समजलं असावं, आजचं आणि मागचं दोन वर्षांचंही, कारण त्यांचा हात डब्यावरचा तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. भाजलेलं बोट माझ्या तोंडात होतं. मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात आप्पा म्हणाले, “हो. डबा मी बदलला. खात्री वाटत नव्हती.”

दामल्यांची निराशा झाली असावी. मास्तर वाद घालतील असं त्यांना वाटलं होतं. “चला,” ते म्हणाले, “कबूल तरी केलंत.” आणि ताट पुढे केलं. आप्पांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाढलं. वरण फार चांगलं झालं होतं. दामल्यांनी दोनदा मागून घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेताना विचारलं, “चूल आजच उतरवताय ना?”

“जेवणं झाली की,” आप्पा म्हणाले.

त्यानंतर आप्पा तीस वर्षं जगले, आणि तीस वर्षं त्यांना लोक फोडणीचे मास्तर म्हणत. शाळेतल्या फळ्यावर कुणीतरी सूर्य काढून त्याच्या हातात पळी दिली होती; आप्पांनी ती पुसली आणि उष्णतेचं वहन शिकवलं. पाहुण्यांना त्यांनी पुन्हा काही दाखवलं नाही. एखादी गोष्ट ते ठामपणे सांगू लागले, की समोरचा माणूस किंचित हसायचा आणि आप्पा वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे. ते अर्धं सोडलेलं वाक्य ऐकताना मला दर वेळी वाईट वाटायचं. हे प्रकरण लिहायचं कारण तेवढंच आहे.

त्या दुपारी पाहुणे जेवून उठले तशी मी आणि आई भांडी घेऊन खाली आलो. ओट्यावर आमचा डबा तसाच होता. आता तो कुणाकडे द्यायचा प्रश्न नव्हता. आईने झाकण उघडलं, डाळ कुकरला लावावी म्हणून. आणि ती तिथेच थांबली. तिने डाव घातला, फिरवला. पाणी आणि डाळ वेगळं नव्हतंच. एकजीव, दाट, पिवळं वरण, काकूंच्या वरणाहूनही मऊ. तीन तास पेटी कुणी उघडली नव्हती. तेवढ्यात आप्पा रिकामे डबे घेऊन आत आले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो, म्हणून ते ओट्यापाशी आले.

“तुमचं वरण,” आई म्हणाली. “सकाळी घातलेलं. मी हातही लावला नाहीये.”

आप्पांनी डाव उचलला, थोडं हातावर घेतलं, चाखलं.

“शिजलंय,” ते म्हणाले.

“अहो, तुम्ही वर जा. दामले अजून तिथेच आहेत. हे दाखवा त्यांना.” आई रडायला लागली होती. “आम्ही केलं म्हणून सांगा. दोन वर्षं करत होतो म्हणून सांगा. माझं नाव घ्या.”

आप्पांनी मीठ मागितलं. मी बरणी दिली. त्यांनी चिमूटभर घातलं, ढवळलं, वाटीत घेतलं आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकलं. मग त्यांनी वाटी खाली ठेवली.

“डबा कोणी बदलला?” त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हटलं, आणि माझा बांध फुटला. “आप्पा, मी बदलला. तुम्ही नाही. मी वर जाऊन सगळ्यांना सांगते, मीच—”

“हळू बोल,” आप्पा म्हणाले. “जिन्यात अजून माणसं आहेत.”